हॉटेलचं कार्ड कोणतं घ्यावं, याचं जरा लांबलेलं उत्तर

ऑक्टोबरात एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेला निघताय, सोबत पत्नी आणि पहिलीतली मुलगी, पहिला महिना कंपनी हॉटेलात उतरवणार. घर लावायला पैसा जाणारच आहे, तर तो हॉटेलच्या क्रेडिट कार्डावर टाकून साइन-अप बोनस, म्हणजे नव्या कार्डावर ठरावीक खर्च केला की मिळणारे पॉइंट, पदरात पाडून घ्यावा, मग कार्ड कोणत्या साखळीचं, मॅरियट, हिल्टन, हयात की आयएचजी, असं तुम्ही विचारलंय. बोनसचे आकडे बँकांच्या पानांवर असतात आणि सारखे बदलतात, ते सोडून देते. बाकीचं जरा लांबेल, कारण तुमचा प्रश्न वाचून बरंच काही वर आलं.

तुमच्या हिशोबात एक गोम आहे. खर्च आधी येतो, कार्ड नंतर. फिको स्कोअर, म्हणजे अमेरिकेतला सिबिल, तयार व्हायलाच एखादं खातं निदान सहा महिने जुनं असावं लागतं, आणि भारतातला सिबिल ८०० असला तरी बहुतेक बँकांना त्याचं सोयरसुतक नाही. आम्ही पलंग, गाद्या, जुनी गाडी घेतली तेव्हा हातात अनामत ठेवून मिळालेलं सिक्युअर्ड कार्ड होतं. त्याची मर्यादा एका गादीत संपली. घरभाडं आणि डिपॉझिट ही खरी मोठी रक्कम, ती घरमालक चेकने नाहीतर थेट खात्यातून मागतात. कार्डाने भरायची सोय असली तरी वर टक्केवारी लागते, आणि बोनसची मलई तिथेच जाते. आधी शिदोरी, मग जेजुरी.

एक वाट मात्र आमच्या वेळी नव्हती. अमेरिकन एक्सप्रेस (अमेक्स) २०१९पासून नोव्हा क्रेडिट नावाच्या कंपनीमार्फत नव्याने आलेल्यांचा परदेशातला क्रेडिट इतिहास बघते, त्यात भारतही आहे. हिल्टनची कार्डं अमेक्सचीच, म्हणून आधी तिथे विचारा. वार्षिक फी नसलेल्या हिल्टन कार्डावर सदस्यत्वाचा सिल्व्हर दर्जा मिळतो आणि पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर पाचवी फुकट. हयात आणि आयएचजीची कार्डं चेस बँकेची, मॅरियटची चेस आणि अमेक्स या दोघांत वाटलेली. चेसचा नियम कुठे छापलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची ५ कार्डं उघडलेली दिसली की अर्ज बाद. अमेक्स एका कार्डाचा बोनस साधारणपणे आयुष्यात एकदाच देते, तेव्हा तिच्या फीवाल्या कार्डांची घाई नको. ऑफर चढलेली असेल तेव्हाच अर्ज टाका.

आणि तुम्ही लिहिलेत ते हिल्टनचे दीड लाख पॉइंट! हिल्टनचा पॉइंट लोक साधारण अर्ध्या सेंटाला धरतात, म्हणजे झाले साडेसातशे डॉलर. हयातचा दीड सेंट सहज निघतो, तिथे साठ हजारांतच नऊशे होतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मॅरियटने तर मार्च २०२२मध्ये कुठल्या हॉटेलला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. शिवाय पॉइंटांवर राहिलात तरी त्यांच्याकडे रिसॉर्ट फी, म्हणजे काही हॉटेलं खोलीच्या दरावर वेगळी लावतात ती रक्कम, भरावी लागते. हिल्टन आणि हयात ती माफ करतात.

तुमच्या हातात आत्ता आहे तो हॉटेलातला महिना. हॉटेलच्या साखळीचं सदस्यत्व फुकट असतं. निघण्याआधीच घ्या आणि तुमचा क्रमांक बुकिंगवर घालायला कंपनीला सांगा. बिल कंपनीने भरलं तरी पॉइंट बहुधा राहणाऱ्याला मिळतात, मात्र बुकिंग एक्सपीडियासारख्या तिऱ्हाईत साइटवरून झालं तर काही नाही. स्वयंपाकाची सोय असलेली खोली रेसिडेन्स इनमध्ये मिळाली तर तिथे मॅरियट डॉलरला दहाऐवजी पाचच पॉइंट देतं.

त्या महिन्याचं आणखी एक. शाळेत नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागतो, भाडेकरार किंवा विजेचं बिल. हॉटेलची पावती आमच्या शाळेने घेतली नाही. मुलगा रोज सकाळी दप्तर भरून हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत बसायचा आणि येईल त्याला वॉफलचं यंत्र कधी उलटायचं ते सांगायचा. करार झाला, तर फॉर्मवर प्रश्न, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. तेवढ्यावरून त्याची इंग्रजीची परीक्षा ठरली आणि निकाल येईपर्यंत त्याला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत राहिले. इंग्रजी माध्यमातलं पोर, उत्तम पास झाला. पण मधेच उठून जाणारा मुलगा ही ओळख वर्षभर चिकटली. सगळे म्हणतात, इंग्रजी लिहून मोकळं व्हायचं. मी आजही मराठीच लिहीन, आणि म्हणूनच आजही चीड येते. तुम्ही काय लिहायचं ते दोघं मिळून ठरवा, पण विमानात बसण्याआधी ठरवा.

एकटेपणाचं विचारलंत. होतं. सवय होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा, चार घरं जोडली जातात.

पण हे पॉइंट वापरणार कुठे, याचा विचार केलात का? रजा मिळते दोन-तीन आठवडे, ती सगळी भारतात जाते. तिकडे हॉटेलात उतरलात तर आत्या-मावशा जन्मभर ऐकवतील. सुरुवातीची काही वर्षं विमानाच्या तिकिटाला लागणारे पॉइंट किंवा सरळ कॅशबॅक जास्त उपयोगाचं. आमचे हॉटेलचे पॉइंट नुसते साठत गेले. आई गेली, घर विकलं, आणि त्याच्या कागदांवर सह्या करायला गेले तेव्हा पहिल्यांदा आपल्याच गावात हॉटेलात उतरले, पॉइंटांवर. रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलं, मॅडम, कामासाठी की फिरायला? काम म्हटलं. खोलीला एक रुपया पडला नाही, एवढं कार्डाच्या बाजूने लिहायला हवं.

तुमचे आईवडील इकडे आले की मात्र फायदा दिसेल. नायगारा दाखवायचा तर दोन खोल्या लागतात. त्या सुमारास, स्कोअर बसल्यावर, आयएचजी प्रीमियर घ्या. फी ९९ डॉलर, दरवर्षी ४०,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र आणि पॉइंटांवर चौथी रात्र फुकट.

शेवटचं, पत्नीचं. ‘तिला माझ्यावरच ॲड-ऑन काढेन’ असं सहज लिहिलंत, तिथे मी थांबले. ॲड-ऑनला बोनस नाही, उलट चेसच्या त्या पाचांत ते तिच्या नावावर मोजलं जातं. तिचं स्वतंत्र कार्ड असेल तर दुसरा बोनस मिळतो. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर काही बँका आयटिनवर, म्हणजे करासाठीच्या क्रमांकावर, अर्ज घेतात. २०१३च्या नियमबदलानंतर २१ वर्षांवरच्या व्यक्तीला, जोडीदाराच्या ज्या उत्पन्नावर तिचा हात पोहोचतो ते अर्जात दाखवता येतं. माझ्या नावावर भारतात पगार होता, कार्ड होतं, गृहकर्जाचे हप्ते होते. इथे बँकेतल्या बाईने माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, हिचं नाव कसं लिहायचं? त्याने सांगितलं, तिने चुकीचं लिहिलं, आणि ते दुरुस्त करायला मी पासपोर्ट घेऊन किती खेटे घातले ते विचारू नका. तेव्हा तिच्या पासपोर्टवरचं आणि व्हिसावरचं स्पेलिंग आत्ताच ताडून बघा, आणि बँकेत तिला स्वतःला बोलू द्या.