वाचकांचे प्रश्न : बुरशी आलेल्या हाय-एट कॅसेट

प्रश्न : १९९७ ते २००१ मधल्या गणपती, शिमगा आणि लग्नांच्या हाय-एट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या, आठ मिलिमीटर फितीच्या) कॅसेट घरी आहेत. काहींच्या फितीवर पांढरे ठिपके दिसतात. एक चांगली कॅसेट यूएसबी कॅप्चर यंत्राने संगणकात घेतली, तर हळूहळू आवाज चित्राच्या मागे पडत गेला. काय करावे? (एक वाचक, देवगड)

उत्तर : ठिपक्यांची कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. ती बुरशी आहे. ती सुटून कॅमेऱ्यातल्या ड्रमवरच्या (फिरत्या दंडगोलावरच्या) हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या नाजूक भागाला, चिकटते आणि पुढची धड कॅसेटही खराब करते. अशा कॅसेट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात सुकवा आणि कवच उघडून फीत पुसणाऱ्या जाणकाराकडे द्या. उन्हात ठेवू नका, कवच वाकते.

धड कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढूच नये. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा बरी. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पण कापसाच्या काडीने नव्हे. तिचे धागे हेडमध्ये अडकतात. त्याच अल्कोहोलने ओले केलेले शॅमॉय (मऊ, धागे न सुटणारे) कातडे ड्रमला हलके टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलेत तर हेड तुटेल.

आता आवाज. जुन्या फितीचे सिंक सिग्नल (चित्राची वेळ राखणारे संकेत) डळमळतात, कॅप्चर यंत्र तिथल्या फ्रेम (एकेक चित्र) गाळते, आवाज मात्र पूर्ण नोंदला जातो. चित्र आखूड झाले की आवाज मागे राहणारच. कॅमेरा आणि कॅप्चर यंत्राच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (हे संकेत स्थिर करणारे यंत्र) जोडणे हा खरा उपाय. हाय-एट वाजवणारा डिजिटल-एट (तशाच कॅसेटवर डिजिटल चित्रण करणारा) कॅमेरा मिळाला तर उत्तमच (सगळी मॉडेल वाजवत नाहीत): फायरवायर केबलने संगणकात थेट डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइल येते, तासाला सुमारे १३ जीबी.

यूएसबीच वापरायचे तर पिवळी पिन (साधी व्हिडिओ जोडणी) सोडून एस-व्हिडिओ केबल लावा. कॅप्चर ७२० × ५७६ आकारात, सेकंदाला २५ फ्रेम, हफवाययूव्ही कोडेकने (दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने) करा. डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस हवा, कारण एफएटी३२ फॉरमॅटवर ४ जीबीला फाइल अडते. या चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची) असते. ती सुटी करून पूर्ण चित्रे करणे, म्हणजे डीइंटरलेस, नंतर, प्रतीवर करा, तेही सेकंदाला ५० फ्रेमचे. डीव्हीत खालचे फील्ड आधी असते, यूएसबी कॅप्चरमध्ये बहुधा वरचे. क्रम चुकला की नाचणारी पालखी मागेपुढे थरथरते. तोच तुकडा तपासणीला घ्या.

प्रश्न : आठ मिलिमीटरची कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायला अडॅप्टर मिळतो का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. व्हीएचएसची फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते. अडॅप्टर येतो तो व्हीएचएस-सीसाठी (व्हीएचएसच्या छोट्या कॅसेटसाठी), कारण तिची फीत तेवढ्याच रुंदीची. तुम्हाला आठ मिलिमीटरचाच कॅमेरा किंवा डेक हवा, आणि चित्रण हाय-एटचे असेल तर हाय-एट वाजवणारा. साध्या व्हिडिओ-एट (हाय-एटच्या आधीच्या प्रकारच्या) कॅमेऱ्यात ते नीट दिसत नाही.