कॉइलच्या कपलरचं लॉक तुटलं म्हणून अख्खं वायरिंग बदलू नका

तुम्ही लिहिलंय की 2012 च्या स्विफ्ट पेट्रोलचे प्लग बदलताना एका कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) कपलरचं (वायरींच्या टोकाचं, कॉइलवर बसणारं प्लास्टिकचं कनेक्टर) लॉक तुटलं, मेकॅनिकने फेविक्विक लावून तो बसवून दिला, आणि तेव्हापासून गाडी अधूनमधून मिसिंग करते (एखादा सिलेंडर मध्येच पेटत नाही). दुसरा मेकॅनिक अख्खं वायरिंग बदलायला सांगतोय. तेवढ्यासाठी वायरिंग बदलायची अजिबात गरज नाही. फेविक्विक मात्र लवकरात लवकर निघालं पाहिजे.

लॉक हे नुसतं कपलर निसटू नये म्हणून नसतं. कपलरमधली पिन कॉइलच्या पिनेवर घट्ट बसलेली असावी लागते. इंजिनच्या थरथरीने ती केसभर जरी मागेपुढे होत राहिली, तरी पिनेवरचा कथलाचा मुलामा घासला जातो, त्याची काळपट भुकटी साठते आणि करंट कधी जातो, कधी जात नाही. वरून बघणाऱ्याला कपलर नीट बसलेलाच दिसतो. फेविक्विक तर पाण्यासारखं पातळ, फटीतून आत ओढलं जातं आणि पिनांवर त्याचा थर बसतो. शिवाय इंजिनच्या उष्णतेत आणि थरथरीत तो जोड तडकतोच.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. कपलर सोडवून टॉर्चच्या उजेडात आत बघा. कॉइलच्या पिनांवर फक्त पांढुरकं काही असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. पण कपलरच्या आतल्या पिनांत गोंद गेला असेल तर सुईने कोरत बसू नका. पिनेचं तोंड फाकतं आणि मग ती कधीच घट्ट धरत नाही. तो कपलर बदलायचाच.

आत सगळं स्वच्छ असेल, रबरी सील जागेवर असेल आणि फक्त लॉकची जीभ गेली असेल, तर काळा केबल टाय वापरा. तो असा गुंडाळा की कपलर कॉइलकडे ओढला जाईल. नुसता आडवा आवळला तर कपलर तिरका होतो आणि सीलमधून पाणी शिरतं. सिलिकॉन सीलंट लावायचा मोह टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंजवतं.

टाय ही तात्पुरतीच सोय समजा. कायमचं काम म्हणजे वायरींसकट मिळणारा नवा कपलर. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे तशाच इंजिनाच्या वायरिंगमधून कापलेला मिळू शकतो. वायरी वीतभर लांब ठेवून कापायला सांगा आणि जुना कपलर सोबत न्या, तोंड जुळवूनच घ्या. कापण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा: कपलरच्या कुठल्या घरात (खाचेत) कुठल्या रंगाची वायर. सेकंडहँड कपलरच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून घराची जागा बघून जोडा, रंग बघून नाही. एकेक वायर कापा, एकेक जोडा. सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, थोडे पुढेमागे घ्या. चांगल्या पकडीने क्रिम्प करून (धातूची जोडनळी दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. मी इथे सोल्डर टाळतो, कारण कथील वायरीत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या काठाशी तार तुटते.

कपलर बदलण्याआधी एक खात्री करून घ्या. इंजिनचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0301 ते पी0304 पैकी कोड असेल तर शेवटचा आकडा सिलेंडरचा. ती कॉइल शेजारच्या सिलेंडरला लावून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइलच गेलीय. तिथेच राहिला तर आधी कपलर धरा, मग प्लग आणि इंजेक्टर.

पुढच्या वेळी कपलर काढताना आधी तो कॉइलकडे आत दाबा, म्हणजे लॉकवरचा ताण जातो, मग जीभ दाबून ओढा, आणि ओढायचं ते कपलरला धरून, वायरीला नाही. जुनं प्लास्टिक थंडीत जास्त ठिसूळ असतं, म्हणून इंजिन कोमट असताना कपलर सोडवा. प्लग मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातील.

यातलं काहीही एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर करू नका. तिथे टाय नाही, जोडही नाही. ते काम सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.