दवाखान्यात बाळंतपणं वाढली, मग पहिल्या तासात अंगावर पाजणं का वाढलं नाही?

दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, पण पहिल्या तासातलं पाजणं वाढलं नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण तासाभरात अंगावर घेतलेली लेकरं ४१.८ टक्केच. यात ‘बाईला दूधच नाही’ हे कारण कुठं धरू नका.

सिझर झालं की आई टेबलावर आणि लेकरू आजीच्या मांडीवर. आजीच्या पिशवीत मधाची बाटली असतेच. कमरेतून भूल दिलेली आई जागी असते. कोणी लेकरू लावून धरलं तर ते ओढतं. पण रात्रपाळीला सिस्टर एक आणि वॉर्डभर बाळंतिणी, मग डब्याचं दूध निघतं. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं, चहाचा चमचाभर. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, तेवढाच येतो नि तेवढाच पुरतो. वाटीभर वरचं पाजलं की लेकरू झोपतं, ओढत नाही, म्हणून पान्हा लांबतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळं घर म्हणतं, ‘पाहा, हिला दूधच नाही.’

नुसती बोंडी तोंडात दिली तर चिरा पडतात. तोंड मोठं उघडू द्या, काळा भाग खालच्या बाजूनं जास्त आत जाऊ द्या, हनुवटी टेकलेली हवी. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. रात्रीचं पाजणं सोडलं की दूध कमी होतं.

अंगावर पाजणं सुटतं ती पुढची वेळ म्हणजे कापूस वेचणी. बैठकीत साहेब म्हणतात, आशांचं समुपदेशन कमी पडतं. मला हे कधीच पटलं नाही. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदारणीला. किलोवर वेचणाऱ्या बाईला सहा महिने वावरात जाऊ नको, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तिला दूध काढायला शिकवते. हात धुवायचे, वाटी उकळायची, अंगठा नि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. झाकून थंड जागी चार तास चालतं, मे महिन्यात त्याआधीच संपवा. चमच्यानंच पाजा, बाटली नको. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरून पाणी देऊ नका.

पण हेका धरायचा नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, जन्माच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट, किंवा लेकरू पाजायलाही उठत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या. तिथं वरचं द्यायला सांगितलं तर द्या, फक्त आधी अंगावर लावून.