कॅल्गरीत मुळा कधी पेरायचा?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात कॅल्गरीला असते. मे महिन्यात तिने मागच्या अंगणात आपला लांब पांढरा मुळा पेरला. मुळा करंगळीएवढाही झाला नाही, फुलं मात्र भरपूर आली. थंडीनेच बिघडला का? पेरायचा तरी कधी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, नुसत्या थंडीला बोल लावू नका. मुळा थंडीतलंच पीक. निफाडचा पारा घसरतो, द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या पेटवतात, तेव्हा आमच्या मखमलाबादच्या मळ्यात वरंब्यावरचा मुळा मजेत असतो. तुमच्या लेकीला नडला तो तिथला लांबलचक दिवस. जूनअखेर आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा, कॅल्गरीत साडेसोळा तासांचा. कोवळ्या रोपाला मेमधल्या गार रात्री लागल्या, पाठोपाठ हा एवढा उजेड मिळाला, की ते मूळ पोसायचं सोडून दांडा काढतं. लांब पांढऱ्या जाती याला लवकर बळी पडतात.

म्हणून तिथे दोन हंगाम धरायचे. वसंतात फक्त लहान गोल लाल मुळा, जो २५ ते ३० दिवसांत निघतो. कॅल्गरीत कडाक्याचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, मेअखेरपर्यंत पडू शकतं. त्याच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात, पेरायला हरकत नाही. कॅलेंडरपेक्षा माती बघावी : बर्फ पूर्ण वितळलेला, मूठभर माती दाबून सोडली तर ढेकूळ सहज फुटणारं. माती ५ अंशांची असली तरी बी उगवतं, फक्त वेळ लावतं. १० अंशांच्या पुढे पटापट वर येतं. सगळं बी एकदम टाकू नये, आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं टाकावं. जून-जुलैत गोल मुळाही थांबवायचा.

आपला लांब मुळा जुलैच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. त्याला ५० ते ६० दिवस लागतात, आणि तेव्हा दिवस आखडायला लागलेला असतो. सप्टेंबरच्या मध्याला तिथे पहिलं दहिवर पडतं. हलक्या दहिवराने मुळा मरत नाही, उलट गोडी वाढते. जमीन गोठण्याआधी काढला म्हणजे झालं. गोल मुळा ऑगस्टमध्ये पुन्हा टाकता येतो.

बी एक-दीड सेंटिमीटर खोल. विरळणीला मात्र दया दाखवू नये, आणि हौशी माणसं नेमकी तिथेच हळवी होतात! गोल मुळ्यात दोन इंच, लांब मुळ्यात चार-सहा इंच अंतर हवंच. उपटलेल्या रोपांचा पाला पीठ पेरून भाजीला घ्यावा. ताजं शेणखत घालू नये, मुळ्याला फाटे फुटतात. पानांना बारीक भोकं दिसली तर ते उडते भुंगे, आपल्या द्राक्षातल्या उडद्याचे भाऊबंद. पेरल्याबरोबर वाफ्यावर पातळ पांढरं कापड अंथरलं तर औषध मारावं लागत नाही.

फुलावर आलेली झाडं अजून उभी असतील तर राहू द्या म्हणावं, डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. परदेशात डिंगऱ्यांची भाजी कोणाच्या नशिबी असते?

आणि इथून पाकिटात बी पाठवू नका. कॅनडात बियाणं आणण्यावर नियम आहेत. लांब पांढरा मुळा तिथल्या बियाण्यांच्या दुकानात ‘डायकॉन’ म्हणून मिळतो.