पन्नाशीतला विंगर

प्रश्न : वय ३८. देवगडला संध्याकाळी किनाऱ्यावर पोरांसोबत फुटबॉल खेळतो, राइट विंगला (म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने हल्ला करायला). आता पोरं म्हणतात, काका तुम्ही गोलमध्ये उभे राहा. इंग्लंडमध्ये कोणीतरी पन्नाशीपर्यंत टॉप लीगमध्ये खेळला म्हणे, खरं की थाप? आणि तो खायचा काय? मासे सोडावे लागतील का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : थाप नाही हो, खरंच आहे. स्टॅनली मॅथ्यूज, जन्म १९१५, स्टोक-ऑन-ट्रेंटमधलं हॅन्ली. तोही राइट विंगरच. शेवटची लीग मॅच ६ फेब्रुवारी १९६५ ला स्टोक सिटीकडून फुलहॅमविरुद्ध, तेव्हा वय ५० वर्षं ५ दिवस, आणि वर नंतर म्हणायचा की जरा लवकरच सोडलं.

बाप न्हावी आणि बॉक्सर, त्याने लहानपणापासून पहाटे उठवून व्यायाम करून घेतला, ती सवय जन्मभर राहिली. १९४७ ला स्टोकने त्याला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकलं, तेव्हा वय ३२, लोकांना वाटलं आता काय उरलंय याच्यात. पण ब्लॅकपूल म्हणजे तुमच्यासारखंच समुद्राकाठचं गाव, हा रोज सकाळी वाळूत धावायचा. दारू नाही, सिगारेट नाही (जाहिरात मात्र सिगारेटची केली, पैसे कोणाला नकोत!) आणि सोमवारी चक्क उपास. आपल्याकडे सोमवार करणारे कितीतरी, पण संध्याकाळी साबुदाणा वड्यांवर ताव मारून तो फायदा मिळणार नाही. माशांची काळजी करू नका, तळणीचं तेल कमी करा.

खेळ बघाल तर ट्रिक एकच. बॉल पायात घेऊन बॅककडे, म्हणजे समोरच्या बचावपटूकडे, हळूहळू जायचं, अंग डावीकडे झुकवायचं, बॅक तिकडे कलला की उजवीकडून सटकायचं. समोरच्याला माहीत असायचं तरी फसायचा, कारण पहिल्या दहा पावलांचा स्पीड. नव्वद मिनिटं ऊर फुटेस्तोवर पळणं नाहीच, माझ्या मते टिकण्याचं खरं कारण हेच.

आता तुमच्या वयाचं. १९५३ ची एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची बाद स्पर्धा) फायनल, लंडनचं वेम्बली स्टेडियम, मॅथ्यूज ३८ वर्षांचा, ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध १-३ ने मागे. शेवटच्या वीसेक मिनिटांत त्याने उजवी बाजू अक्षरशः फाडली आणि ब्लॅकपूल ४-३ ने जिंकलं. लोक तिला मॅथ्यूज फायनल म्हणतात, खरं तर तीन गोलांची हॅटट्रिक ब्लॅकपूलच्याच मॉर्टेन्सनची, बिचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. १९५६ ला पहिलाच बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळाला तो मॅथ्यूजला, वय ४१. आणि एवढ्या वर्षांत रेफ्रीने एकदाही बुक केलं नाही, म्हणजे फाउलसाठी नाव लिहून ताकीद दिली नाही, हे जरा तुमच्या पोरांना वाचून दाखवा.

तर गोलमध्ये उभं राहू नका. भरतीच्या कडेच्या ओल्या घट्ट वाळूत धावा, वरच्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो, आणि गुडघा आधीच दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.