भिंतीखालून येणारं पाणी

प्रश्न : प्रशांत महासागरातला तुवालू हा देश बुडतो आहे असं वारंवार वाचतो. एवढी मदत जाते, तर सगळ्या बेटांभोवती एक भक्कम भिंत का घालून देत नाहीत? तेही जमत नसेल तर जेमतेम अकरा हजार माणसं दुसरीकडे नेणं इतकं अवघड आहे का?

उत्तर : भिंत सुचणं साहजिक आहे. पण माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली, त्यामुळे मी आधी जमिनीखाली बघतो. तुवालूची बेटं म्हणजे प्रवाळाच्या सच्छिद्र खडकावर साचलेली वाळू आणि प्रवाळाचा चुरा. राजधानी फुनाफुटीत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मोठं उधाण येतं, तेव्हा लाट आत न येताही पाणी येतं. किनारा सोडून पार आत, विमानाच्या धावपट्टीच्या आसपास, ते जमिनीतूनच बुडबुडत वर येतं. भिंत कितीही उंच बांधली तरी हे पाणी तिच्या पायाखालून येणार.

याचा घाव आधी बसतो तो पुलाकाच्या खड्ड्यांवर. पुलाका अळवाच्या कुळातला, मोठाल्या पानांचा, पोट भरणारा कंद. अशा बेटांखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. तुवालूच्या लोकांनी त्या गोड्या थरापर्यंत खड्डे खणले, तळाशी रोप लावलं, भोवती केवड्याच्या जातीच्या पानांचं कडं विणलं आणि त्यात पालापाचोळा भरत राहिले. माती जवळजवळ नसलेल्या जागी माणसांनी घडवलेली ही शेती आहे. खारं पाणी वर चढलं की पानं पिवळी पडतात, कंद कुजतो. असा खड्डा पुन्हा गोडा व्हायला बरेच पावसाळे जावे लागतात. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं.

म्हणून भिंतीपेक्षा भराव मला पटतो. हरित हवामान निधी या हवामानबदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातून फुनाफुटीला खाजणातली, म्हणजे बेटांच्या कड्याआतल्या समुद्रातली, वाळू उपसून २०२३ मध्ये सुमारे ७ हेक्टर नवी, उंच जमीन तयार झाली. शतकाअखेरची समुद्रपातळी धरून तिची उंची ठरवली आहे. सगळा देश मिळून २६ चौरस किलोमीटर, तेव्हा हे ७ हेक्टर किरकोळ नाहीत.

आता स्थलांतराबद्दल. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २०२४ पासून लागू आहे. त्यात वर्षाला २८० जणांना तिथे राहायची मुभा मिळते. शिवाय जमीन गेली तरी तुवालू राष्ट्र म्हणून कायम राहील, हे ऑस्ट्रेलियाने त्यात मान्य केलं आहे. ज्याला जायचं त्याने जावं. पण ‘माणसं नेणं’ हा तुमचा शब्द मला खटकला. नेतात ते सामान. ही माणसं गेली की पुलाकाचे खड्डे कोण भरत राहणार?

मदत कुठे द्यावी असं मला विचाराल तर आधी पाण्यासाठी. फुनाफुटीत जमिनीतलं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही, मुख्य भिस्त छपरावरून टाकीत उतरणाऱ्या पावसावर. २०११ मध्ये पाऊस लांबला, टाक्या रिकाम्या झाल्या आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. खारं पाणी गोडं करणारी यंत्रं बाहेरून विमानाने आणावी लागली. धड छप्पर, न गळणारी पन्हळ आणि मोठी टाकी, एवढं प्रत्येक घराला आधी मिळायला हवं.