विचारा बिनधास्त: जर्मनीत नवीन आहोत, रमायचं कसं?

या वेळी जर्मनीहून बरीच पत्रं आलीत. व्हिसा आणि टॅक्सवाली बाजूला ठेवलीयेत, त्यांचं पुढच्या अंकात बघू. आज फक्त मजेचं, म्हणजे सुट्टी, भटकंती, पोहणं, माणसं जोडणं वगैरे.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं ड्रेस्डेनला नवीन आलोय. शुक्रवारपर्यंत दिवस कसेही जातात पण रविवार अंगावर येतो. दुकानं बंद, मॉल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी नाहीये आणि इतक्यात घ्यायचीही नाहीये. रविवारी लोक करतात तरी काय इथे?

चालायला जातात. हसू नका, खरंच हेच उत्तर आहे. तुमच्याच बिल्डिंगमधल्या सत्तरीच्या आजी सकाळी नऊला पाठीला सॅक लावून, हातात दोन काठ्या घेऊन बाहेर पडताना दिसतील, त्या थेट संध्याकाळी केक खाऊन परत येतात.

आधी रविवारचं समजून घ्या म्हणजे चिडचिड कमी होईल. हा बंद कोणाच्या आळसामुळे नाहीये, 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून राखून ठेवला होता आणि ते कलम आजच्या राज्यघटनेत तसंच्या तसं घेतलेलं आहे. त्यामुळे किराणा शनिवारीच आणून टाकायचा, अगदीच काही राहिलं तर मोठं रेल्वे स्टेशन नाहीतर पेट्रोल पंप, ब्रेड हवा असेल तर सकाळी थोडा वेळ उघडणारी बेकरी. आणि हो, रविवारी भिंतीला ड्रिल मारू नका आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकायला जाऊ नका. त्या खणखणाटावरून शेजारी कायमचे दुरावलेले मी पाहिलेत.

आता गाडी नाही म्हणताय, तर डॉइचलांड टिकेट, म्हणजे महिन्याचा पास, काढलंय ना? 2023 च्या मे महिन्यात 49 युरोला सुरू झालं, मग 58 झालं, 2026 पासून 63 आहे, वाढतच चाललंय पण तरी सोडू नका. देशभरातल्या लोकल, रिजनल ट्रेन, ट्राम, बस, सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र नाहीत, आणि नवीन लोकांना दंड बसतो तो बहुतेक इथेच, कारण एकाच प्लॅटफॉर्मला दोन्ही लागतात आणि घाईत माणूस लाल पट्टेवाल्या गाडीत चढतो. सबस्क्रिप्शन महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कॅन्सल केलं तरच त्या महिनाअखेरीला बंद होतं, सुट्टीवर जाणार असाल तर लक्षात ठेवा.

आणि तुम्ही तर ड्रेस्डेनला, म्हणजे नशीबवानच! एस-1 लोकल पकडा, साधारण 40 मिनिटांत कुरोर्ट राटन नावाचं स्टेशन येतं. स्टेशन एल्बे नदीच्या या काठाला आणि गाव पलीकडे, मधे फेरीबोट. ही फेरी नीट बघा, तिला पुढे न्यायला इंजिन लागत नाही, लांब केबलला बांधलेली असते, नावाडी तिला प्रवाहाशी जरा तिरकी धरतो आणि नदीच तिला पलीकडे ढकलत नेते. मला तर पुढे येणारा पूल बघण्याइतकीच ही फेरी आवडते. पलीकडून पायऱ्यांची चढण चढलात की बास्टाय पूल, 1851 चा, वालुकाश्माचा, 76 मीटर लांब, आणि दोनशे मीटरच्या आसपास खाली एल्बे. पुलावर जायला तिकीट नाही. मात्र दुपारी तिथे जत्रा असते, सकाळी लवकर पोचा.

चढणं जमत नसेल किंवा आईवडील आले असतील तर एक स्टेशन पुढे क्योनिगश्टाइनला उतरून किल्ला बघा. वर जायला बस मिळते आणि किल्ल्याला लिफ्टसुद्धा आहे, तिकीट आहे पण दिवस सहज जातो. वरती सोळाव्या शतकात खडकात खणलेली 152 मीटर खोल विहीर आहे. तिथे जास्त वेळ थांबा.

बघण्याची यादी मात्र करू नका प्लीज. एकच वाट तीनदा तीन ऋतूंत चाला, तीन नवीन गावं पळत पळत बघण्यापेक्षा जास्त मजा येते, आणि आपण इथले झालोय असं वाटायला लागतं ते त्यातूनच.

प्रश्न: म्युनिकला आहोत. ऑफिसचे सगळे उन्हाळ्यात बिअरगार्टनला बोलवतात. आम्ही नवराबायको दारू पीत नाही, नॉनव्हेजही खात नाही. तिथे जाऊन नुसतं पाणी पीत बसायचं का? ऑकवर्ड वाटतं.

अहो, व्हेज माणसाला म्युनिकमध्ये बिअरगार्टनइतकी सोयीची जागा दुसरी नाही! कारण तिथे घरचा डबा नेता येतो. पारंपरिक बिअरगार्टनमध्ये उघडपणे टेबलावर मांडून खाता येतं. याच्या मागे भांडण आहे. बिअर बनवणारे उन्हाळ्यात आपल्या तळघरांच्या वरच, चेस्टनटच्या सावलीत बसवून लोकांना बिअर पाजायला लागले तेव्हा शहरातल्या खानावळवाल्यांनी आरडाओरडा केला. मग 1812 मध्ये, म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरियाच्या राजा माक्स योजेफने तोडगा काढला, बिअर विका, ब्रेड विका, पण बाकी जेवण विकायचं नाही. मग लोक जेवण घरून आणायला लागले ते आजतागायत. बव्हेरियाच्या 1999 च्या नियमातही घरचं खाणं नेता येणं ही बिअरगार्टनची ओळख म्हणून धरलंय.

तेव्हा पोळीभाजी, ढोकळा काय हवं ते न्या. दोन गोष्टी पाळायच्या, एक म्हणजे प्यायचं ते तिथलंच घ्यायचं, आणि दुसरं, ज्या टेबलावर टेबलक्लॉथ घातलाय तिथे डबा उघडायचा नाही, ती वेटरची बाजू. बिनदारूचं म्हणाल तर आपफेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, नाहीतर स्पेत्सी म्हणजे कोला आणि संत्र्याचं सरबत एकत्र. ग्लासचं डिपॉझिट घेतात, परत करून पैसे घ्यायला विसरू नका. आणि बव्हेरियाच्या बाहेर हे गृहीत धरू नका हं, तिथे बिअरगार्टनची पाटी असली तरी ते साधं रेस्टॉरंट असू शकतं.

व्हेज आहात म्हणून जरा सांगून ठेवते. ओबात्झ्दा नावाचं चीजचं चटणीसारखं मिळतं, छान लागतं, पण बऱ्याच ठिकाणी त्यात थोडी बिअर घालतात. आणि काही बेकऱ्या ब्रेत्सेलच्या, म्हणजे प्रेट्झेलच्या पिठात डुकराची चरबी वापरतात, तिला श्माल्त्स म्हणतात, एकदा विचारून घेतलं की झालं. सुरुवात हिर्शगार्टनपासून करा, आठ हजार लोक बसतील एवढं आहे आणि शेजारी कुंपणात हरणं आहेत. टेबलं लांब असतात, रिकामी जागा दिसली की विचारून अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं, तिथे तेच चालतं.

प्रश्न: कलीग म्हणाली थंडीत सौनाला चल, एकदम फ्रेश वाटतं. जाऊ का? काही माहीत असायला हवं का?

हो, एक गोष्ट जाण्याआधीच माहीत असायला हवी. तिथे कपडे घालत नाहीत. कोणीच नाही. आणि बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात. स्विमसूट घालून गेलात तर उलट तुम्हालाच काढायला सांगतील. कोणी कोणाकडे बघत नाही हे खरं आहे, पण हे दारात उभं राहून कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, आणि कलीगबरोबर, म्हणजे सोमवारी जिच्यासमोर मीटिंगमध्ये बसायचंय तिच्याबरोबर पहिल्यांदा जायचं का हा विचार तूच कर. बऱ्याच सौनांमध्ये आठवड्यातला एखादा दिवस फक्त बायकांसाठी असतो, त्यापासून सुरुवात कर. काही ठिकाणी स्विमसूट चालणारा वेगळा भागही असतो.

बाकी नियम सोपे. आधी शॉवर, मग मोठा टॉवेल अंगाखाली असा पसरायचा की पायसुद्धा लाकडाला लागता कामा नयेत. मोबाइल आत न्यायचा नाही. गप्पा नाहीत. आणि आउफगुस म्हणजे गरम दगडांवर सुगंधी पाणी ओतून टॉवेलने वाफ फिरवतात ते सुरू झालं की मधेच दार उघडायचं नसतं, पहिल्या वेळी दाराजवळ खालच्या फळीवर बस. फारच घाबरं झालं तर नियम गेला खड्ड्यात, उठून बाहेर ये.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला शाळेत पोहण्याचं जेपफेर्डशेन मिळालंय. आता तळ्यावर पोहायला नेऊ शकतो ना?

नेऊ शकता पण हाताच्या अंतरावर राहून. त्या समुद्रघोड्याच्या बिल्ल्यासाठी 25 मीटर पोहावं लागतं, ती नुसती सुरुवात. जीवरक्षकांची डीएलआरजी संस्था त्यापुढचा ब्राँझचा बिल्ला मिळाल्यावरच मुलाला सुरक्षित पोहणारा मानते. तळ्यावर लाल-पिवळा झेंडा असेल तर जीवरक्षक ड्युटीवर आहेत, त्यासोबत पिवळा लागला तर मुलांनी आत जायचं नाही, नुसता लाल लागला तर कोणीच नाही. ब्राँझ मिळेपर्यंत फ्रायबाड म्हणजे उघड्यावरचा स्विमिंग पूल बरा, त्यात न पोहणाऱ्यांचा वेगळा हौद असतो, आणि चिप्स खात गवतावर लोळायला मिळतं ते वेगळंच. नद्यांमध्ये मात्र नको, एल्बे असो की ऱ्हाइन, वरून शांत दिसतात पण ओढ जबरदस्त असते.

प्रश्न: ऑफिसमध्ये सगळे छान बोलतात पण पाचला घरी जातात ते जातातच. कोणी घरी बोलवत नाही. एकटा आहे, वीकेंडला मोबाइल बघत पडून असतो. मित्र कसे करायचे इथे?

फेराइन गाठ. म्हणजे मंडळ रे, क्लब. सात माणसं जमली की रजिस्टर करता येतं, त्यामुळे गावागावात डझनभर, टेबल टेनिसचं, गायनाचं, बुद्धिबळाचं, डोंगर चढायचं, अग्निशमन दलसुद्धा बहुतेक गावांत हौशी लोकच चालवतात आणि त्यांना माणसं हवीच असतात. इथली माणसं नुसतं भेटायला म्हणून सहसा भेटत नाहीत, काहीतरी करायला भेटतात आणि करता करता ओळख होते. ऑफिसातल्या कलीगने घरी बोलवावं ही वाट बघत बसलास तर वर्षं जातील, त्यात त्यांचा तुटकपणा नसतो, त्यांचे मित्र शाळेपासूनचे आणि मंडळातले असतात, ऑफिस हे त्यांच्यासाठी ऑफिसच.

जे येतं ते निवड, भाषा कच्ची असली तरी चालेल असं काहीतरी. टेबल टेनिसला बोलावं लागत नाही! आधी फुकट ट्रायल असते, मेल टाकून विचार. आणि मुख्य म्हणजे प्रॅक्टिस झाल्यावर लगेच बॅग उचलून पळू नकोस, सगळे मंडळाच्या खोलीत नाहीतर कोपऱ्यावरच्या पबमध्ये जाऊन बसतात, खरी मैत्री त्या तासाभरात होते. पहिले काही आठवडे तुला फारसं कोणी विचारणार नाही, जात राहा, एक दिवस तू गेला नाहीस तर कोणीतरी विचारेल कुठे होतास. वर्षातून एखाद दिवस मैदान झाडायला, रंगकामाला बोलवतात तेव्हा नक्की जा. फक्त मेंबरशिप घेताना सोडायची मुदत वाचून घे, बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीलाच सोडता येतं आणि तेही आधी लेखी कळवून.

ऑफिसचं एक राहिलं. वाढदिवस तुझा असेल तर केक तू न्यायचा असतो. नेलास की त्या दिवशी अख्खा मजला तुझ्या टेबलापाशी येऊन जाईल. आणि कोणाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, इथे तो अपशकुन मानतात.

प्रश्न: बर्लिनमध्ये रुळाशेजारी छोट्या छोट्या बागा दिसतात, झोपडीसारखं घर, सफरचंदाची झाडं. मला बागकामाचं वेड आहे. असा तुकडा आम्हाला मिळेल का?

मिळतो, नागरिकत्व वगैरे लागत नाही, पण बर्लिनमध्ये वेटिंग वर्षानुवर्षांचं आहे. आजच नाव नोंदव आणि विसरून जा. या बागांची चळवळ लाइपझिगला 1860 च्या दशकात सुरू झाली, डॉक्टर श्रेबरच्या नावावरून तिला नाव पडलं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ते मुलांसाठी खेळायचं मैदान होतं, भाजीचे वाफे नंतर आले. आता 1983 चा स्वतंत्र कायदा आहे. जागा जास्तीत जास्त 400 चौरस मीटर, झोपडी ओसरी धरून 24, कायमचं राहायचं नाही, आणि साधारण एक तृतीयांश जागेत भाजी-फळं लावलीच पाहिजेत, नुसतं लॉन करून बार्बेक्यू केलं तर बागांच्या मंडळाचं पत्र येतं. भाडं कमी असतं, पण आधीच्या माणसाच्या झोपडीचे आणि झाडांचे पैसे द्यावे लागतात, ते मूल्यांकन करून ठरतं, त्यापेक्षा जास्त कोणी मागितले तर देऊ नकोस.

नंबर लागेपर्यंत टेम्पलहोफर फेल्डला जाऊन बघ. पूर्वीचं विमानतळ, 2008 ला बंद झालं, 2010 ला लोकांसाठी खुलं केलं, आणि 2014 मध्ये तिथे घरं बांधायचा प्रस्ताव बर्लिनकरांनी मतदानाने पाडला. धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, आणि एका कडेला सामुदायिक बाग आहे, जुन्या फळ्या ठोकून केलेले उंच वाफे. कुदळीला हात लावायला मिळतो का ते तिथल्या लोकांनाच प्रत्यक्ष जाऊन विचार, शनिवारी दुपारी कोणी ना कोणी असतंच.

बाल्कनीत मेथी-कोथिंबीर लावायला मात्र वेटिंग नाही. मिरची आणि टोमॅटोची रोपं 15 मेच्या आधी बाहेर काढू नकोस, मेच्या मध्यापर्यंत थंडी एकदा उलटून येते आणि एका रात्रीत सगळी रोपं काळी पडतात.